केदाररावांचा मासा मी नासवला

माझ्या जावयाचा अकरा किलोचा मासा मी पुण्यात, धायरीत बसून नासवला. मासा तेव्हा ग्रीसच्या किनाऱ्यावर होता, आणि मी जन्मात कधी मासा खाल्लेला नाही. तीन वर्षं आमच्या सगळ्या नातेवाइकांत हा दोष केदाररावांच्या नावावर आहे. वय चौऱ्याहत्तर झालं. आता खरं सांगून टाकतो.

मुलगी मृणाल आणि जावई केदारराव यांनी नोकऱ्या सोडून शिडाची जुनी बोट घेतली आणि तिच्यावरच संसार मांडला. (लग्नात आम्ही दिलेला डिनर सेट विश्रांतवाडीत कुणाच्या तरी माळ्यावर आहे.) बोटीवर वीज म्हणजे वर दोन सोलर पॅनेल आणि खाली बॅटऱ्या. फ्रिज थेट बॅटरीवर चाले. इंटरनेटच्या डब्याला मात्र घरातल्यासारखी वीज लागे, म्हणून इन्व्हर्टर. आणि इन्व्हर्टर हा असा पाहुणा आहे की काही काम नसलं तरी बसून खातो! त्यामुळे केदारराव तो दिवसातून तासभरच लावत. त्यात माझ्या वाट्याला आठवड्याला दहा मिनिटं येत.

माझी बायको सुमन जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. दिवसभरात माझ्याशी बोलणारे दोघेच, दूधवाला आणि आमच्या सोसायटीची लिफ्ट. (लिफ्ट जास्त बोलायची. ‘कृपया दरवाजा बंद करा’ एवढंच, पण न चुकता.)

अशात एकदा मृणाल म्हणाली, "बाबा, फ्रिज नीट गार होत नाहीये. तुम्ही वीजवाले, तुम्ही सांगा."

मी चौतीस वर्षं वीज खात्यात काढली हे खरं, पण रजेच्या अर्जांच्या टेबलावर. घरचा फ्यूज गेला की मी ऑफिसात असताना सुमन गुपचूप वायरमन बोलवायची, मुलीसमोर माझी अब्रू राहावी म्हणून.

"इन्व्हर्टर बंद-चालू करता का?" मी विचारलं.

"हो. केदार बंदच ठेवतो."

"तिथंच घोळ आहे. बॅटरीला सारखी उघडझाप सोसत नाही. चोवीस तास चालू ठेवा."

मागून केदारराव म्हणाले, "पण बाबा, आपल्या फ्रिजचा इन्व्हर्टरशी संबंधच नाही."

"तुम्हाला दिसत नसेल, केदारराव. खात्याला दिसतो."

"अरे, चौतीस वर्षं काढलीत त्यांनी," मृणाल म्हणाली. "तू सॉफ्टवेअरवाला. गप्प बस ना."

इन्व्हर्टर चालू राहिला, इंटरनेट चालू राहिलं, आणि मी रोज संध्याकाळी सातला फोन लावू लागलो. मग सकाळीही. "ही गवार बघ गं, जून वाटते का?" इथपर्यंत मजल गेली. फ्रिजही गार झाला. (केदाररावांनी दाराचं रबर बदललं होतं. श्रेय मी घेतलं.)

आणि केदाररावांच्या गळाला तो मासा लागला. पहिलाच मोठा. फ्रिज गच्च भरला, दहा दिवसांची सोय झाली. त्याच दिवशी ते म्हणाले, "बाबा, इथे ढग आलेत. दोन दिवस इन्व्हर्टर बंद करतो."

ते बरोबर होते हे मला ठाऊक होतं. त्यांनी पाठवलेलं इन्व्हर्टरचं माहितीपुस्तक मी दुपारी दोनदा वाचलं होतं. ‘करा’ एवढं म्हणायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी सुमनचा वाढदिवस होता, ती गेल्यानंतरचा पहिला. मी म्हणालो, "ढगांचं काय, जातील. चालूच राहू द्या."

ढग गेले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी मृणाल आणि मी चाळीस मिनिटं सुमनबद्दल बोललो. तिसऱ्या दिवशी दोघं भाजी आणायला किनाऱ्यावर गेले, आणि मागे बोटीवर बॅटरी उतरली. आधी मान टाकली ती फ्रिजनं. परत आले तेव्हा माशानं स्वतःची वर्दी धक्क्यापर्यंत दिली होती.

"एवढं साधं कळलं नाही तुला?" ऊन पडून बॅटरी भरल्यावर लागलेल्या फोनवर मृणाल माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाली. केदाररावांनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि ते फ्रिज पुसत राहिले. मी वर म्हणालो, "वीज ही खेळायची गोष्ट नाही, केदारराव."

ते वाक्य अजून मला जेवू देत नाही. पुढे पुतण्याच्या मुलाच्या मुंजीत पंगतीला हा किस्सा रंगला तेव्हा मीही हसलो.

गेल्या महिन्यात दोघांना सगळं सांगितलं.

"बाबा, बोलावंसं वाटतंय म्हणायचं होतंत," मृणाल म्हणाली.

केदारराव म्हणाले, "यादी करतो." हा माणूस सॉफ्टवेअरवाला तो सॉफ्टवेअरवालाच.

यादी आली. रोज सात ते सव्वासात इन्व्हर्टर चालू, बाबांसाठी. खाली टीप होती, बॅटरी उतरू लागल्यास काय कोणत्या क्रमानं बंद करायचं याची. एक, बाबा. दोन, पंप. तीन, दिवे. फ्रिज सगळ्यात शेवटी.

माझी तक्रार नाही. क्रम बरोबर आहे, खात्यानंही असाच लावला असता. फक्त हल्ली मी सकाळी पेपरच्या आधी ग्रीसचं हवामान बघतो. काल तिकडे ढग होते. तरी सातला मी इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसलो, कारण माझा फोन शंभर टक्के चार्ज होता.