पाच टाकांचं स्थळ

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही पण जे हमखास येऊन उभे राहतात त्यांनाही, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, खटकचिंचोळी येथील एका घराण्याचे पाच देव लवकरच लिलावात उभे राहत असून, त्यांना योग्य घर मिळेपर्यंत त्या घरच्या मालकीणबाई मरण्याचा कार्यक्रम पुढे ढकलत आहेत.

हे निवेदन मी आमच्या चिटगुप्प्याच्या घरात, खुर्चीवर उभा राहून, खाकरून वगैरे वाचून दाखवलं. बायको हसली. अक्का हसली नाही. ती म्हणाली, "बरोबर हाय. पण योग्य म्हंजे काय, ते बी सांग त्यात."

अक्का माझी थोरली बहीण; मी तिचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. मी हायस्कुलात इतिहास शिकवतो, त्यामुळे जुन्या वस्तूंचं कामकाज घरात माझ्याकडे आपोआप येतं, जसं सायन्सच्या मास्तरकडे मिक्सर दुरुस्तीला येतो. भावजी जाऊन बरीच वर्षं झाली. भाचा कॅनडात. अक्का खटकचिंचोळीला एकटी राहते, आणि तिच्यासोबत तिच्या सासरचे पाच टाक. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव, तळहातावर मावतील एवढे. घोड्यावरचा खंडोबा, भवानी, आणि घराण्यात लढाईत पडलेले तीन वीर. कोणत्या लढाईत, हे कोणालाच माहीत नाही; इतिहासाचा शिक्षक म्हणून मी दरवर्षी वेगळी लढाई सांगत आलो. पिढ्यान्‌पिढ्या रोज पाणी, रोज गंध, रोज अंगठ्याने पुसणं. त्यामुळे देवांची तोंडं पार झिजून गेली होती. भवानीला नाक नव्हतं. खंडोबापेक्षा घोडा जास्त ओळखू यायचा.

मागच्या वर्षी बिदरच्या डॉक्टरांनी अक्काच्या छातीवर नळी ठेवली, बराच वेळ ऐकलं, आणि जिना चढू नका एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून अक्काला एकच घोर लागला. आपण गेल्यावर ह्या पाचांना पाणी कोण घालणार?

दिराला विचारलं. तो हैदराबादेत, देवभोळा, कपाळावर गंध लावल्याशिवाय फोनसुद्धा घेत नाही. तो घाबरून गेला. म्हणाला, वहिनी, फ्लॅटमध्ये सोवळं होत नाही, एक दिवस चुकलं तर कोप व्हायचा, आमच्या पोरांवर कशाला. भाच्यानेही कॅनडातून तेच सांगितलं, फक्त जास्त गोड आवाजात. गंमत पाहा, ह्यांचा देवावर विश्वास नसता तर कोणीही टाक शोकेसमध्ये ठेवून घेतले असते. सगळ्यांचा इतका विश्वास होता की कोणी हात लावायला तयार नव्हतं.

मग गावच्या देवळात विचारलं. पुजाऱ्याने गाभाऱ्यामागची पत्र्याची पेटी उघडून दाखवली. आत देवच देव. पितळेचे बाळकृष्ण, गणपती, अन्नपूर्णा, एकावर एक, बाजारात वांगी ओततात तसे. लोक आणून ठेवतात आणि मागे न बघता जातात म्हणे. त्याने अक्काला मांजरा नदीचा रस्ता सुचवला. अक्का म्हणाली, "पाण्यात सोडायला ते काय निर्माल्य हायेत व्हय?" आणि निघून आली.

राहिलो मी. पण मी पडलो माहेरचा. सासरचे देव माहेरी येत नसतात. कुळ वेगळं, कुळाचार वेगळा. तरी मी म्हणालो, अक्का, आण इकडं, कोण बघायलंय. ती म्हणाली, "ते बघायलेत की."

अशा बंद झालेल्या दारांच्या गल्लीत एक दिवस तिला फोनवर एक व्हिडिओ दिसला. कुठल्यातरी मोठ्या शहरातला लिलाव. जुने हार, मोहरा, राजेरजवाड्यांच्या कट्यारी, आणि एक छोटी देवीची मूर्ती. एक माणूस पांढरे हातमोजे घालून ती मूर्ती उचलतो, मखमलीवर ठेवतो, लोक हात वर करतात, हातोडी वाजते, आणि देवी काचेच्या कपाटात जाते, वर दिवा. अक्काने तो व्हिडिओ मला दाखवला आणि हातमोज्यांवर बोट ठेवलं. "बघ तम्मा, उघड्या हातानं शिवत न्हाईत. सोवळं हाय त्यांचं." वरच्या बल्बला ती नंदादीप समजली होती. मी दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर मला इतकी मजा येत होती की दुरुस्त करायची इच्छाच झाली नाही. आणि नंतर विचार केला, ती चुकत होती असं तरी कुठे? देवघरापेक्षा तिथे धूळ कमीच असेल.

तर ठरलं. देवांसाठी स्थळ बघायचं.

योगायोग असा की थोड्याच दिवसांत जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका कंपनीची माणसं बसवकल्याणला येणार असल्याचं कळलं. एका मंगल कार्यालयात बसून ती लोकांच्या घरातले जुने दागिने, नाणी, भांडी पारखणार, आणि पसंत पडेल ते पुढच्या लिलावाला नेणार. मी टाकांचे फोटो काढून पाठवले. लगेच उत्तर आलं. कंपनीच्या पारखणाऱ्या बाईंनी स्वतः फोन केला. पुण्याकडची भाषा, आवाजात उत्साह. घोड्याच्या मानेवरचं काम फार दुर्मिळ दिसतं म्हणाल्या. नक्की घेऊन या म्हणाल्या.

मुलाकडच्यांनी मुलगी फोटोवरून पसंत केल्यावर घरात जे होतं ते सगळं झालं. अक्काला रंग चढला. तिने माझ्यामार्फत विचारणा केली. घेणारे मांसमच्छी खातात का? कपाट पूर्वेकडे तोंड करून असतं का? पाच जणांना एकाच घरी देणार की ताटातूट करणार? बाईंनी न हसता सगळ्यांची उत्तरं दिली. पाचही एकत्रच ठेवू म्हणाल्या. एवढ्या जुन्या वस्तू कायद्याने देशाबाहेर जात नाहीत, हेही सांगितलं. ते ऐकून अक्काला फार बरं वाटलं. "म्हंजे कॅनडाला न्हाई जाणार," ती म्हणाली.

ठरल्या दिवशी ती परस्पर बसने बसवकल्याणला आली, मी शाळेतून रजा टाकून मोटारसायकलवर. मंगल कार्यालयात म्हणजे जत्रा. लग्नाच्या स्टेजवर, जिथे नवरानवरी बसतात त्या लाल खुर्च्यांवर, लिलाववाल्या बाई आणि त्यांचे सहकारी. मागे थर्माकोलचे हंस तसेच होते. खाली आमची रांग. एकीच्या गळ्यात आजेसासूची पुतळ्यांची माळ, काढायला तयार नाही, गळ्यातच बघा म्हणते. एकाजवळ बिदरी कामाचा पानडबा. एकाने तोफेचा गोळा आणलेला, पोत्यात, आणि तो पायाखाली ठेवून रांगेसोबत लाथेने पुढे सरकवत होता. मी अक्काला सगळ्यांच्या नकला करून दाखवत होतो. तिने इरकल नेसली होती. पदरात टाकांची पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात.

आमचा नंबर आला. बाईंनी खरंच पांढरे हातमोजे घातले. अक्काने माझ्याकडे असं पाहिलं की, बघ.

बाईंनी पिशवी मखमलीवर उपडी केली, आणि पाच लखलखीत टाक बाहेर आले. नवेकोरे. भवानीला नाक आलं होतं, चांगलं धारदार. खंडोबाला मिशा, आणि कॅलेंडरवर असतं तसं हसू. वीरांच्या तलवारी इतक्या तेज की त्यांनी भाजी चिरावी.

बाईंनी एक उचलला, भिंगातून पाहिला, ठेवला. दुसरा पाहिला नाही. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाल्या, "फोटोतले टाक आणलेच नाहीत का सर?"

मी अक्काकडे पाहिलं. अक्का प्रसन्न होती.

"हेच की ते," ती म्हणाली. "उजळून आणलेत."

आता हे उजळणं म्हणजे काय ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. टाक झिजून तोंड दिसेनासं झालं की ते सोनाराकडे नेतात. तो ते आटवतो, त्याच चांदीचा नवा पत्रा ओढतो, ठशावर ठोकतो, आणि देव पुन्हा तोंड घेऊन घरी येतो. मग त्याला मैलारला मल्लण्णाच्या, म्हणजे मूळ ठाण्यातल्या खंडोबाच्या, भेटीला नेऊन आणलं की झालं. देव तोच. चांदी तीच ना. असं किती वेळा झालं असेल त्या घरात, कोण जाणे. आणि पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर बिननाकाची भवानी कशी दाखवायची? अक्का म्हणाली, "पोरीला दाखवायच्या दिवशी तोंड धुवायला न्हाई का लावत?"

बाईंनी तोच टाक पुन्हा भिंगाखाली धरला. अक्काला वाटलं, त्यांना शंका आली असेल, सोनाराने चांदी बदलली की काय. म्हणून तिने खात्री द्यायला सुरुवात केली. दिवसभर सोनाराच्या दुकानात बसून होती ती. उठली नाही, पाणी प्यायली नाही, मुशीवरची नजर काढली नाही. तिच्या डोळ्यासमोर पाचही वितळले. एक कण इकडचा तिकडे झाला नाही. आटवताना जळून थोडी घट आली, तर तिने आपली जोडवी टाकली त्यात. भावजी गेल्यावर काढून ठेवलेली. "म्हंजे कमी न्हाई भरणार, जास्तच भरतील," ती म्हणाली. जितकी ती प्रामाणिकपणाची साक्ष देत होती, तितका एकेक टाक समोरच्या मखमलीवर मरत होता, आणि ते फक्त तिला दिसत नव्हतं. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा नक्कल सुचली असूनही केली नाही.

बाई फार चांगल्या होत्या, हे लिहायलाच हवं. त्यांनी हातमोजे काढले आणि अक्काचा हात धरला. म्हणाल्या, काकू, लिलावात चांदीला किंमत नसते, जुनेपणाला असते, आणि जुनेपण त्या झिजलेल्या तोंडात होतं. आता हे नवे झाले.

"नवे कुठून होतील?" अक्का म्हणाली. "मी सकाळी तोंडाला पावडर लावून आले. तरणी झाले का?"

रांगेतले हसले. बाईही हसल्या, पण मान हलवत. तेव्हा अक्काला पहिल्यांदा कळलं. तिने एकदम आवाज खाली आणून विचारलं, मग कोणीच घेणार नाही का? बाई म्हणाल्या, कपाटात ठेवायला कोणी नाही घेणार. एखादा सराफ घेईल.

"मोडीत?"

अक्काने टाक एकेक करून उचलले, प्रत्येकाला पदराने पुसलं, पिशवीत ठेवले. लाल खुर्चीवरच्या माणसांना नमस्कारही केला. जाताना थर्माकोलच्या हंसाला तिचा पदर अडकला, तो मी सोडवला.

बाहेर पायऱ्यांवर बसलो. मी चहा आणला. तिने घेतला नाही. मी म्हणालो, दुसऱ्या कंपन्या असतील. मी म्हणालो, एखादं संग्रहालय. मी बरंच काही म्हणालो, बोलणं हा माझा धंदाच आहे. ती पिशवीतून एक टाक काढून उन्हात धरून बघत होती. भवानी. बघता बघता म्हणाली, पहिल्यांदाच नीट दिसायली मला, लग्न होऊन आले तेव्हापासून हिला नाक नव्हतं. मग टाक आत टाकला आणि दोरी आवळली. आता पुन्हा झिजायला तीन पिढ्या लागतील, आणि पिढी एकही उरलेली नाही, हे मी मनात म्हणालो. तिनेही तेच म्हटलं असणार, कारण तिने तो गार झालेला चहा तक्रार न करता पिऊन टाकला.

तेवढ्यात आतून एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे, इस्त्रीचा शर्ट, हातात टॉवेलात गुंडाळलेला मिठाईचा डबा. रांगेत आमच्या मागेच होते म्हणाले, सगळं ऐकलं. त्यांनाही परत पाठवलं होतं. डबा उघडून दाखवला. आईचे देव. साधे पितळेचे, कुठल्याही दुकानात मिळणारे. आई गेली, घर विकलं, ते स्वतः सोलापूरला भाड्याने राहतात, बायको आजारी. हे सांगताना ते आमच्याकडे न बघता डब्याकडेच बघत होते.

अक्काने डब्यात वाकून पाहिलं. रांगत्या बाळकृष्णाच्या पाठीवर हळद वाळून बसली होती, ती तिने नखाने खरवडली. किती दिवस झाले, पाणी घातलं नाही का, असं रागावून विचारलं. गृहस्थ ओशाळले. आणि मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे रोज पूजा होते का?

होते की, अक्का म्हणाली, मी हाय तवर.

गृहस्थांनी सोलापूरच्या रस्त्याकडे पाहिलं. बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता. त्यांनी डब्याला झाकण लावलं, पुन्हा काढलं, आणि एकदम त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मग अक्का, तुमी हाय तवर आमचे बी ठेवून घ्या की."