काठावरचं लोखंड

घोडपदेवला आमच्या चाळीखाली कोंडीराम टर्नरचा गाळा आहे. लोखंड कातायचं एक यंत्र, लेथ, आणि एक माणूस. मिल बंद पडल्यापासून मिळेल ते कातकाम करतो. त्याच मिलच्या टाइम ऑफिसात मी हजेरी लिहायचो. त्यापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही.

शर्यतीत गाडी पळवणारा अभय त्याच्याकडे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेलं जड चाक, हलकं करायला देऊन गेला. कोंडीरामनं दोन किलो लोखंड काढलं. आठवड्यानं अभय चाक घेऊन परत.

"काका, वजन गेलं, पण गाडी तशीच सुटते! रविवारी शर्यत आहे."

कोंडीरामला कळेना. त्यानं सगळं मधलंच कातलं होतं. मिलमध्ये शिकवणच तशी: काठाला हात लावायचा नाही. काठ जड असला की चाक एकसारखं फिरतं, सूत तुटत नाही.

दोन दिवस तो जेवता जेवता उठायचा. शेवटी गॅलरीत पाण्याच्या तांब्याला दोरी बांधून गरगर फिरवू लागला. आखूड दोरीला तांब्या लगेच वेग घेई. लांब दोरीला खांदा भरून येई.

"चाळीला आंघोळ घालताय का?" त्याची बायको कमलाबाई ओरडली.

"अगं, चाक जड होतं ते काठाच्या लोखंडानं! मी मधलंच काढत बसलो."

शुक्रवारी त्यानं काठ कातला आणि जास्तच अस्वस्थ झाला. पातळ काठाला तडा असला तर चाक फुटून अभय जिवानिशी जायचा. त्यानं चाक दोरीनं टांगलं, हातोडी हलकेच मारली. धड लोखंड घंटेसारखं लांब वाजतं, तडकलेलं बद्द. पण मिलमधल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात त्याचे कान केव्हाच अधू झालेले; बोलणं कळे, बारीक नाद नाही.

"तू ऐक," तो मला म्हणाला.

"अरे, मला काय कळतंय त्यातलं?"

"कान आहेत ना? का तेपण टाइम ऑफिसात ठेवून आलास?"

तीनदा ऐकलं. लांब वाजलं. "धड आहे," म्हणालो. चौथ्यांदा ऐकायला हवं होतं का? शनिवारभर तेच.

रविवारी मुंबईबाहेरच्या धावपट्टीवर गाडी सुटली. चारशे मीटर. अभयबरोबरची पोरं नाचायला लागली, पाव सेकंद कमी झाला होता. कोंडीराम माझ्या शेजारी, धावपट्टीकडे पाठ करून उभा.

"थांबली?"

"थांबली."

"अख्खी?"

"अख्खी."

तेव्हा कुठे तो वळला. अभय धावत आला. "काका, अजून अर्धा किलो निघेल ना?"

कोंडीरामनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच.