रशियावाली भाभी

सुरतेत मी ज्या घरी रोटल्या लाटायला जायचे, तिथली सून रशियाची होती. तिकडे शिकून डॉक्टर झालेली. पण इथे डॉक्टरकी करायला सरकारी परवाना लागतो, आणि तो काही केल्या मिळत नव्हता. कचेरीतले म्हणायचे, "तुमच्या देशाचा शिक्का आणा." ती शिकली तो जुना, मोठा रशियाच फुटून मोडला होता. मोडलेल्या देशाचा शिक्का आणायचा कुठून? चौथीत शाळा सुटलेल्या मला हे कळत होतं, त्यांना कळत नव्हतं.

भाभीला राहवायचं मात्र नाही. चहाचा कप देता देता माझं मनगट धरायची, डोळ्याची पापणी खाली ओढून बघायची. "खून ओछा छे. भाजी खाओ." म्हणजे रक्त कमी आहे. औषधाचं नाव मात्र काढायची नाही.

एकदा माझी पोरगी तापाने फणफणली. पुढे दोन गोळ्यांनी उतरला तो ताप, पण तेव्हा मी तिला घेऊन भाभीकडेच धावले. "भाभी, कुछ तो लिख दो ना," मी रडकुंडीला येऊन म्हटलं. आमच्या बमरोलीच्या वस्तीत सातवी नापास माणूस खुशाल सुया टोचतो, हेही सुनावलं.

"उसको करने दो. मैं नहीं."

असा राग आला मला! पण तिनेच पोरीला उचललं, रिक्षा केली आणि सरकारी दवाखान्यात माझ्यासोबत रांगेत उभी राहिली. आतला तरुण डॉक्टर या गोऱ्या बाईकडे बघतच राहिला. मी घाईघाईने सांगितलं, "साहब, ये भी डॉक्टर हैं." तो लगबगीने उठला, शेजारची खुर्ची तिच्यापुढे सरकवली.

"अभी नहीं," भाभी म्हणाली, आणि त्या खुर्चीवर तिने मला बसवलं.