आईनं चोळलेला हात

आधीच सांगून ठेवते, नजर, उतारा, भूतबाधा यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. गल्लीत कोणी लिंबू उतरवून टाकलं तर मी त्याचं सरबत करून पिईन... असली मी! तेव्हा हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी सारंगखेड्याची. घरीच ब्लाउज शिवते. आई माझ्याजवळच असते. मागच्या उन्हाळ्यात माझा उजवा हात खांद्यापासून कोपरापर्यंत ठणकायला लागला. मार नाही, सूज नाही, पण कात्री धरली की डोळ्यांत पाणी. शहाद्याच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. खर्च ऐकला आणि मी तिथूनच मागे फिरले.

आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी शे ना."

मग रोज दिवेलागणीला ती लसूण-ओवा कढवलेल्या तेलानं माझा हात चोळायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पण हात गेला तर शिलाई गेली, या भीतीनं माझी झोप उडाली होती. धाकटा भाऊ दीपक सुरतेला साड्यांचे गठ्ठे उचलायच्या कामावर. त्याला आम्ही काहीच कळू दिलं नाही, उगाच बिचारा पैशांसाठी धावपळ करील म्हणून.

एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना तो डाव्या हातानं जेवत होता. आई एकदम ओरडली, "डावा हातघाई जेवी ऱ्हायना का रे? लाज वाटत नही?"

तो रडायलाच लागला. उन्हाळ्यातच गठ्ठा उचलताना त्याचा उजवा हात आखडला होता... खांद्यापासून कोपरापर्यंत! शेठ काढून टाकील म्हणून बोलला नव्हता, आणि दवाखान्याला पैसे कुठून आणणार?

मी विचारलं, "मंग सहन कसं करस रे?"

"संध्याकायले कोणीतरी मन्हा हात चोयस, ताई... खोलीम्हा मी एकलाच ऱ्हास. लसूनना वास येस."

माझ्या हाताचं त्याला कोणीच सांगितलं नव्हतं!

तरी मी कसली ऐकते! दुसऱ्या दिवशी त्याला न कळवता आईला मुद्दाम सकाळीच चोळायला लावलं. हाताचं तेल पुसलंही नव्हतं तोच त्याचा फोन — "ताई, आज सकायलेच?"

त्या दिवसापासून आई हात माझा चोळायची आणि शिव्या त्याला द्यायची. "मुडदा, माय मरी गयथी का तुन्ही?" जोरही दुप्पट. मी कळवळून म्हणायचे, "ओ माय, हात मन्हा शे!" तर म्हणे, "तू चूप बस."

दिवाळीला दीपक घरी आला आणि आल्या आल्या त्यानं माझ्या लेकीला उजव्या हातानं वर उचललं. आई डोळ्यांना पदर लावून ओट्यावरच बसली. मीही रडले, खोटं कशाला सांगू? माझा ठणकाही त्याच दिवसापासून बंद झाला.

मालिशनं गुण आला म्हणाल. माझ्या हाताला आला असेल हो, पण सुरतेतल्या हाताला? मला आजही कळलेलं नाही. आईला विचारलं तर ती भाजी निवडत राहते.

मी पुन्हा शिवायला बसते. दीपक त्याच कामावर परत गेला. त्याचं दुखलं-खुपलं कळायला आता मला चारचौघींसारखा फोनच करावा लागतो. रोज करते. लपवाछपवी नको म्हणून पहिला प्रश्न ठरलेला — "काही लपाडी तं नही ना ऱ्हायना?"

तोही मला तेच विचारतो.