अप्पा म्हणाले, उलटं हाय

परवा रविवारी माझे वडील, आमचे अप्पा, न सांगता माझ्या प्रदर्शनाला आले. पुसेगावहून सकाळच्या एसटीनं, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी आणि काखेत छत्री... पाऊस असो नसो, छत्री असतेच.

प्रदर्शन म्हणजे काय, तर हिंगोलीतल्या एका वाचनालयाचा वरचा हॉल आणि त्यात माझी चौदा चित्रं. एरवी मी फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाइन करतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे चेहरे बसवून बसवून हात असा तयार झालाय, की एकच चेहरा चार रंगांत चारदा उठवणं म्हणजे आपल्या हातचा मळ!

याला पॉप आर्ट म्हणतात. आमच्याकडे भडक म्हणतात, मला दोन्ही चालतं. राणी, पोपटी, हळदी... वरातीतल्या बँडच्या गाडीवर असतात ते सगळे रंग माझ्या चित्रांत आहेत. हलगीवाला आहे, बेंजो पार्टीतला कॅसिओवाला आहे, एकाच पेटीवर चार हातांनी वाजवणारे दोन पुरुष आहेत.

दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावली होती, 'मी गे आहे, आणि लहानपणापासून माझ्या कानात जे वाजतंय ते हे.' लपूनछपून चित्रं काढायची तर मग फ्लेक्स काय वाईट होते?

सगळ्यात मोठं चित्र सुधीरचं. सुधीर माझा जोडीदार, चार वर्षं झाली आम्हाला. वसमतला हळदीच्या गोदामात सुपरवायझर आहे, सकाळी पांढरा गेलेला शर्ट संध्याकाळी पिवळा होऊन येतो. चित्रात तो मांडी घालून पखवाज वाजवतोय. खरं तर त्याला पखवाजातलं ओ की ठो कळत नाही. मीच एका मित्राचा पखवाज आणून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, मार थाप.

पखवाजच का? कारण आमचे अप्पा गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवतायत. माझ्या कानातलं पहिलं संगीत तेच.

अप्पांना आमचं सगळं माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मीच सांगितलं. ते चिडले नाहीत, रडले नाहीत... फक्त सुधीर हे नाव त्यांनी आजवर एकदाही तोंडातून काढलं नाही. फोनवर 'तू जेवलास का' एवढं विचारतात, 'तुमी दोघं' कधी म्हणत नाहीत. बाकी जगाची मला फिकीर नाही, खरंच नाही. पण अप्पांनी सुधीरकडे एकदा नीट बघावं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती.

आणि अप्पा जिन्यात दिसताच सुधीर, हा शूर माणूस, 'चहा सांगून येतो' म्हणून पसार!

अप्पांनी चपला बाहेर काढल्या. दारावरची पाटी बोट फिरवत पूर्ण वाचली. मग देवळात फिरावं तसे एकेका चित्रापुढे थांबत सुधीरच्या चित्रापाशी आले. लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं.

"हे उलटं हाय."

हा शब्द मला नवा नाही. गावात माझ्या पाठीमागे, आणि दोनचारदा तोंडावरही, मी 'उलटा'च होतो. पण अप्पांच्या तोंडून? पाटीवरचा सगळा रुबाब तिथल्या तिथे उतरला.

अप्पांनी छत्रीचं टोक पखवाजावर टेकवलं. "कणीक उजव्या हाताला काहून? ती बाजू डावीकडं असती. जन्मापासून घरात पाहून राहिला, न् एवढं ध्यानात न्हाई तुझ्या?"

पखवाजाच्या एका बाजूला भिजवलेली कणीक लावतात, त्यानं आवाज घुमतो. ती बाजू डाव्या हाताची. अप्पा पखवाजाला उलटं म्हणत होते!

"चित्र चुकलेलं नाही अप्पा. सुधीर डावखुरा आहे."

बोलून गेलो आणि लक्षात आलं... त्यांच्यासमोर हे नाव गेल्या दोन वर्षांत मीही घेतलं नव्हतं.

अप्पांनी छत्री परत काखेत मारली. मग चित्राकडे बघतच म्हणाले, "आमच्या मंडळात व्हता एक डावखोरा. पखवाज फिरवून घ्यायचा न् वाजवायचा. ऊठ म्हनून कोनी म्हनलं न्हाई त्याला. आवाज तं तोच येतो ना."

तेवढ्यात सुधीर चहा घेऊन आला. एरवी देताघेताना आठवणीनं उजवा हात पुढे करतो, पण घाबरला की हा माणूस सगळं डाव्या हातानंच करतो. कपही त्यानं डाव्या हातानंच पुढे केला. आणि अप्पा कोण, तर डाव्या हातानं प्रसाद वाटला म्हणून लहानपणी मला पाठीत धपाटा घालणारे. मी डोळेच मिटून घेतले.

धपाटा काही ऐकू आला नाही. डोळे उघडले तेव्हा अप्पा त्या हाताकडे बघत होते. मग चित्राकडे, मग सुधीरच्या चेहऱ्याकडे... अगदी नीट, सावकाश. आणि त्यांनी कप घेतला.

"चित्र बराबर हाय," ते मला म्हणाले. मग सुधीरला, "बोटं लई आवळतोस तू. घरी येत जा, हात बसवून देतो."

अप्पा, थँक्यू. तुम्ही फेसबुकवर नाही, पण माझी प्रत्येक पोस्ट आई तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवते आणि 'गे' हा शब्द आला की खोकते, हे मला माहीत आहे.

आई, या वेळी खोकू नकोस. अप्पांना सगळं बराबर ऐकू येतं.