मास्तरांची हळू लय

पेटीमास्तरांना कुठल्याही आवाजाची पेटीवरची पट्टी सांगता येई. सागाचे लठ्ठे घेऊन येणाऱ्या बैलगाडीचा आस कुरकुरला की ते म्हणत, "काळी दोन." रेंजरसाहेब कुणावर खेकसले की मान खाली घालून पुटपुटत, "आज साहेब पांढरी पाचवर आहेत जी."

सन पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी आलापल्लीला जंगलखात्याच्या लाकूड डेपोत कारकून होतो आणि मास्तर लठ्ठ्यांवर शिक्क्याचा हातोडा मारत. त्याआधी वीसेक वर्षं ते झाडीपट्टीतल्या गावोगावच्या नाटकांना पेटीची साथ करायचे. बायको, सगुणाबाई, तापानं गेली, तेव्हा त्यांनी पेटी तिच्याच लुगड्यात बांधून माळ्यावर टाकली आणि डेपोत कामाला आले. नाटक मंडळीचे लोक बोलवायला येत. मास्तर त्यांना चहा पाजत आणि म्हणत, "बोटं गेली माझी." बोटं शाबूत होती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

रेंजरसाहेबांकडे चावीचा ग्रामोफोन होता. विश्रामगृहाच्या कपाटात कुणा गोऱ्या अधिकाऱ्यानं मागे सोडलेली एक तबकडी त्यांना सापडली. वरचा कागद पुसून गेलेला. एका रविवारी दुपारी त्यांनी ती लावली. गाणं नाही, बोल नाहीत. नुसती गिटार, एकटीच. एक सूर पडायचा, तो विरत आला की दुसरा यायचा. मास्तर काही कामासाठी आले होते, ते पायरीवरच बसले. दोन बोटं त्यांनी स्वतःच्या मनगटावर ठेवली होती.

"माझ्या नाडीहून हळू चालून राह्यलं हे," ते म्हणाले. "पट्टी पांढरी एक."

"कसलं रडकं आहे!" साहेब म्हणाले.

"रडणं नाई जी हे. रडून झाल्यावर माणूस भिंतीले टेकून बसते ना, ते आहे."

पुढच्या रविवारी ते पेटी घेऊन आले. "पट्टी खरी सांगितली का खोटी, तेवढं पाहतो," असं म्हणत त्यांनी लुगड्याची गाठ सोडली. पट्टी खरी होती. मग ती धून त्यांनी तुकड्यातुकड्यानं उचलली. गिटारचा सूर विरतो तसा पेटीचा विरत नाही, म्हणून भाता सैल सोडून ते सूर हलकेच मरू देत. पावसाळाभर दर रविवारी हेच चाललं. मास्तर जेवू लागले, दाढी करू लागले. शेजारच्या बाया म्हणत, "मास्तर माणसात आले."

दिवाळीच्या सुमारास साहेबांनी ग्रामोफोन नागपूरला पाठवला. त्याची स्प्रिंग ढिली झाली होती. तो दुरुस्त होऊन आला, तेव्हा साहेबांनी हौसेनं तीच तबकडी लावली, आणि खोलीत भलतंच काही सुरू झालं. तीच धून, पण टणाटण उड्या मारत निघालेली.

"अरे, हे तर नाचाचं आहे!" साहेब खो खो हसले. "ढिल्या स्प्रिंगनं आजवर हळू फिरत होतं की!" मीही हसलो.

मास्तर हसले नाहीत. "पांढरी तीन," एवढंच बोलून उठले आणि गेले. पुढचे दोन रविवार ते फिरकले नाहीत.

मी त्यांच्या घरी गेलो. पेटी पुन्हा लुगड्यात बांधलेली होती.

"काऊन येत नाही मास्तर?"

त्यांनी लुगड्याची गाठ आणखी आवळली. मग म्हणाले, "बाबू, तो गिटारवाला हासून राह्यला होता, अन् मी इतके महिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून राह्यलो. लाज वाटते मले."

मी हे साहेबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ग्रामोफोन शिपायाच्या डोक्यावर देऊन ते स्वतः मास्तरांच्या अंगणात आले. "मास्तर, याची गती कमी करता येते. लावू का पहिल्यासारखं?"

"नाई साहेब. त्याच्या लयीत लावा. त्याचं काय म्हणणं आहे, ते मी अजून ऐकलंच नाई."

पाठोपाठ तीनदा त्यांनी ती तबकडी ऐकली. तिसऱ्यांदा त्यांचा पाय हलायला लागला. मग हळूच म्हणाले, "हे सगुणेले आवडलं असतं. तिले रडकं आवडत नव्हतं." त्यांनी पेटीची गाठ सोडली आणि आधी आपल्या लयीत, पांढरी एकमध्ये, धून शेवटपर्यंत वाजवली. आम्ही उभेच होतो. कुणी हसलं नाही.

धान निघाल्यावर नाटक मंडळीची गाडी आली, तेव्हा बोटांची सबब त्यांनी सांगितली नाही. पेटी गाडीत चढवताना मी विचारलं, "ती धून वाजवणार का नाटकात? कोणत्या लयीत?"

"पोरगी सासरी जाते तेव्हा माझ्या लयीत," मास्तर म्हणाले, "अन् माहेरी येते तेव्हा त्याच्या."

त्यानंतर माझी बदली झाली आणि आमची भेट राहून गेली. मास्तर गेल्याचं मला फार उशिरा कळलं. एकदा कामानिमित्त ब्रह्मपुरीकडे गेलो असताना एका गावात दुपारची तालीम चालली होती. नाटकातली लेक माहेरच्या दाराशी आली आणि पेटीवर ती धून निघाली, भरधाव. पेटीवाला माझ्या ओळखीचा नव्हता. त्याला विचारलं, ही चाल कुणाची?

"आमच्या मास्तरांची जी," तो हात न थांबवता म्हणाला. "मोठा हासरा माणूस होता."