गयाक्काचा खरखरीचा डबा

गयाक्का रेडिओ उघडायची तो फक्त उजव्या हातानं. डावा हात पाठीमागं, कमरेला खोचलेल्या पदरात घट्ट अडकवलेला असायचा. स्क्रू घरंगळला, तार निसटली, चिमटा सुटला, तरी तो हात पुढं यायचा नाही. निपाणीच्या बाजारामागच्या गल्लीतल्या तिच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला वाटलं की बाईचा हात अधू असावा.

"आक्का, हाताला काय झालंय?" मी विचारलं.

"काय झालं न्हाय. काय हुऊ ने म्हणूनच मागं हाय त्यो," मान वर न करता ती म्हणाली.

दोन्ही हात यंत्राला लागले तर वीज एका हातानं शिरून, छातीतून जाऊन दुसऱ्या हातानं बाहेर पडते, हे तिनं मला पुढं समजावलं. एकच हात असला तर झटका बसतो, पण माणूस वाचण्याची आशा असते. हे सांगताना तिचा आवाज इतका खाली जायचा, जणू पलीकडं ठेवलेल्या विजेला ते ऐकू जाईल.

मी मूळचा बेळगावजवळच्या कंग्राळीचा, शेतकरी घरातला. सत्तरच्या दशकात निपाणीच्या एका शाळेत मास्तर होतो. बाबूरावांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो आणि कोरसला माईकवर गायचोही. त्या काळात सिनेमाच्या गाण्यांत गिटारचा एक फाटका, तापलेला आवाज यायला लागला होता. तो आवाज काढणारी एक डबी मी मुंबईहून मागवली. पायानं बटण दाबलं की साधा सूर खरखरीत व्हायचा. पण माझ्या डबीतून बाटलीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज यायचा. आमच्या गावाकडच्या एका माणसानं सांगितलं, "गयाक्काकडं जा. रेडिओचा लई कान हाय तिला."

गयाक्का पूर्वी बिड्या वळायची. तिचा नवरा लाउडस्पीकर लावायचा आणि रेडिओ दुरुस्त करायचा. तो गेल्यावर त्याच्याच हत्यारांनी, शेजारच्या एका म्हाताऱ्या कारागिराला विचारत विचारत ती हे काम शिकली. उज्ज्वला नावाची दहा-बारा वर्षांची एक मुलगी, एवढाच तिचा संसार. माझं म्हणणं ऐकून तिनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"मास्तर, माझं सगळं आयुष्य खरखर काढण्यात गेलं. आन् तुमी म्हणताय, घालून द्या?"

पण तिनं डबी उघडली. सोल्डरची सळईसुद्धा ती विजेवर नाही, कोळशाच्या शेगडीवर तापवायची. डबी ऐकायला तिनं बॅटरीवर चालणारा एक छोटा संच जोडला. मला एकच तार छेडायला लावली आणि डोळे मिटले.

"लई कडक बिडी हाय ही. घशाला लागती."

मग तिनं समजावलं. गिटारचा सूर लाटेसारखा वर-खाली होतो. डबीतले दोन डायोड त्या लाटेला ठरावीक उंचीच्या वर जाऊ देत नाहीत, तिचं डोकं छाटतात. एक वरचं छाटतो, एक खालचं. त्या छाटण्यातूनच खरखर तयार होते. "ह्यात दोन्ही सिलिकॉनचे हाईत. कोयत्यानं ऊस तोडल्यागत सरळ कापत्यात. म्हणून कानाला टोचतंय."

तिच्याकडं काडेपेट्यांत मेलेल्या रेडिओंचे सुटे भाग होते. त्यातून तिनं जुने जर्मेनियमचे डायोड काढले. ते बसवल्यावर आवाज एकदम मऊ आला, घोगरा, थोडा दबका. मला आवडला. तिला पटला नाही. "ह्यो नुसता गोड तंबाखू झाला. झुरक्याला जोर न्हाय." पुढच्या रविवारी तिनं एका अंगाला सिलिकॉन आणि दुसऱ्या अंगाला जर्मेनियम लावला. लाट दोन्हीकडं सारखी छाटली जाईना, आणि सुरात एकदम माणसाच्या गळ्यासारखं काहीतरी आलं. मी वाजवायचा थांबलोच. ती मात्र तोंड वाकडं करून म्हणाली, "जाड तारेवर चिखल व्हतोय." चिखल तिनं कपॅसिटर बदलून काढला. गिटारचा सूर डबीत जिथून शिरतो तिथला कपॅसिटर लहान केला की खालचा जाड आवाज कमी आत येतो आणि स्वर सुटे ऐकू येतात. फार लहान केला तेव्हा आवाज पत्र्यासारखा झाला. पाच-सहा वेळा काढघाल करून तिनं मधला एक शोधला.

सूर वाढवणारा ट्रान्झिस्टरही जर्मेनियमचा घ्यावा, असं मी सुचवलं, कारण त्याचा आवाज मला फार रसाळ वाटला होता. तिनं डबी उचलून शेगडीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "आता वाजवा." सूर घुसमटला आणि हळूहळू मरून गेला. "हा उन्हाला भितो. चैत्रात भर दुपारी मांडवात बसला तर असंच करील. भिणारी वस्तू कुठं बसवायची ते बघून बसवावं लागतं." मग तिथं तिनं सिलिकॉनच बसवला.

डबा पुरा झाला त्या दिवशी मी खुशीत होतो. बोलता बोलता सहज म्हणालो, "बाबूरावांच्या ॲम्प्लिफायरवर हा कसा वाजतोय बघायचं. त्याला तेवढी एक खोड आहे. गिटार हातात धरून माईकला ओठ लागले की झिणझिण्या येतात."

गयाक्काच्या हातातली सळई तशीच थांबली.  तिनं डबा माझ्या पुढ्यातून उचलला आणि फळीवर ठेवला.

"त्यो ॲम्प्लिफायर बघितल्याबिगर ह्यो मिळणार न्हाय."

"अहो आक्का, गुदगुल्या होतात नुसत्या. सगळ्यांनाच होतात."

"उज्जीचा बा बी असंच म्हणायचा. त्येंला विजेचं भ्याच न्हवतं," ती म्हणाली. मग तिनं जे सांगितलं ते मी आजही पूर्ण आठवायला धजत नाही. जयंतीचा कार्यक्रम होता. नवऱ्यानं एका हातात माईक धरला होता आणि दुसरा हात संचावर ठेवला होता. ती लेकीला मांडीवर घेऊन बायकांत बसली होती. "लाउडस्पीकरातनं लांब हूं असा आवाज आला. लोकांना वाटलं, संच हूं करतोय. मला बी तसंच वाटलं, मास्तर. त्यो त्येंचा आवाज हुता."

 त्यानंतर गिटारच्या तारेला बोट लावायची मला भीती वाटू लागली. पण बाबूरावांना सांगायचीही भीती, कारण ऑर्केस्ट्रात माझ्या जागेवर यायला दोघे टपलेले होते. ॲम्प्लिफायर तपासायला द्या एवढं म्हटलं, तर ते उखडले. "रेडिओवाल्या बाईला काय कळतंय? पुढच्या आठवड्यात कणकुंबीकडचा कार्यक्रम हाय. डबा घेऊन ये, नाहीतर येऊ नकोस."

हे मी गयाक्काला सांगितलं. ती म्हणाली, "मग मीच येतो." आमच्याकडं बायकाही असं 'येतो' म्हणतात. नवरा गेल्यापासून कुठल्या मांडवाजवळ ती फिरकली नव्हती.

कणकुंबीच्या अलीकडं जंगलातल्या एका गावी नव्या शाळेचं उद्घाटन होतं. टेम्पोत ती सगळा रस्ता दांडी धरून बसली होती. मांडीवर डबा, पिशवीत एक बल्ब, होल्डर आणि तारा. दुपारी पोचलो तेव्हा मैदानावर पाणी शिंपडून झालं होतं आणि जमीन पायाखाली गार लागत होती. माईक गावच्या लाउडस्पीकरवाल्याच्या संचावर होता. त्यानं लोखंडी सळी जमिनीत ठोकून अर्थिंग केलं होतं. माझी गिटार बाबूरावांच्या ॲम्प्लिफायरला जोडून ठेवली होती.

पाहुणे खुर्च्यांवर बसले. बाबूरावांनी स्विच दाबला. तेवढ्यात गयाक्का मंचावर चढली.

"कुणी कशाला हात लावू नका!"

"ए बाई, बाजूला व्हा," बाबूराव ओरडले. माझ्याकडं वळून म्हणाले, "कुठनं आणलीस रं हिला? गिटार घे. चल, सुरू कर."

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं.  पण मी लाकडी स्टूलवर ठेवलेल्या गिटारकडं बघत नुसता उभा राहिलो. ती शरम आजही माझ्याबरोबर आहे.

 गयाक्कानं रबरी चपला घट्ट केल्या, डावा हात मागं नेला आणि बल्बची एक तार चिमट्यानं माईकच्या दांड्याला अडकवली. मग दुसरी तार, रबरी आवरणाला धरून, गिटारच्या तारांवर टेकवली. टेकलेली तार दोनदा सुटली. तिसऱ्यांदा ती टेकून राहिली.

बल्ब लागला. उन्हात लालसर दिसला, पण लागला.

मंचावरची गाणारी पोरगी किंचाळून मागं सरली. बल्बला जाणारी वीज माझ्या ओठातून आणि हातातून जाणार होती, हे कुणाला सांगावं लागलं नाही. लाउडस्पीकरवाल्यानं झडप घालून विजेची मुख्य वायर ओढून काढली. बाबूराव खाली बसले.

वायर काढल्यावर गयाक्कानं ॲम्प्लिफायर उघडला. हूं असा आवाज कमी व्हावा म्हणून कुणीतरी विजेच्या मुख्य तारेपासून पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत एक कपॅसिटर लावला होता. तो फुगून फुटला होता आणि त्यानं वीज सरळ सांगाड्यावर सोडली होती. सांगाड्यावरून गिटारच्या तारांवर. "कुणाला तरी आवाज चांगला पायजे हुता, म्हणून हे बसवलंय," ती म्हणाली. तो तिनं कापून काढला, सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग दिलं, पुन्हा बल्ब टेकवला. लागला नाही. आणखी तीनदा टेकवला.

कार्यक्रम तासभर उशिरा झाला. डबा सुंदर वाजला असं लोक सांगतात. मला नीट आठवत नाही. मी माईकपासून हातभर लांब उभा राहिलो होतो आणि गयाक्का मैदानाच्या कडेला, आमच्याकडं पाठ करून, शेवटचा सूर थांबेपर्यंत उभी होती. परतताना बाबूरावांनी तिला टेम्पोत पुढं बसवलं. 

पुढं माझी बेळगावला बदली झाली. उज्ज्वला मोठी झाली आणि तिथल्याच खासबागेत मावशीकडं राहून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करू लागली. त्या वेळी गयाक्का माझ्याकडं आली होती. "मास्तर, तुमी सांगा तिला. शाळंत मास्तरीण हो म्हणावं." मी सांगून बघितलं. पोरगी हसली. "सर, आईचंच तर शिकतेय मी."

गयाक्का जाऊन आता खूप वर्षं झाली. तंबाखूच्या धुळीनं आणि सोल्डरच्या धुरानं तिची छाती पोखरली होती. पण तिची आठवण निघाली की तिचं आजारपण माझ्या डोळ्यांपुढं येत नाही. येतो तो उज्ज्वलाच्या नोकरीचा पहिला दिवस.

वीज खात्यात, बेळगावबाहेरच्या एका सब-स्टेशनवर तिला काम मिळालं होतं. गयाक्का पहिल्या गाडीनं निपाणीहून आली आणि मला म्हणाली, "मास्तर, माझ्यासंगं चला. एकटीला हुणार न्हाय." लेकीला न कळू देता आम्ही फाटकासमोरच्या रस्त्यापलीकडं दगडावर बसलो. आत ट्रान्सफॉर्मरची घरघर चालली होती. ती घरघर जरा बदलली की गयाक्का ताठ व्हायची. चौकीदारानं येऊन कानडीत विचारलं, कोण पाहिजे? "नन्न मगळ वळग अदाळ," ती म्हणाली. माझी लेक आत आहे. तो बिचारा दोघांना पाणी देऊन गेला.

तीनच्या सुमाराला आत धाडकन आवाज झाला आणि घरघर एकदम थांबली. गयाक्कानं माझं मनगट धरलं. तिची नखं माझ्या कातडीत रुतली. ती ओरडली नाही, उठली नाही. आत माणसं पळताना दिसली. किती वेळ गेला कोण जाणे. मग घरघर पुन्हा सुरू झाली आणि चौकीदारानं हात हलवून काही नाही अशी खूण केली. तरी तिनं मनगट सोडलं नाही.

पाचला फाटक उघडलं. उज्ज्वला बाहेर आली. केस विस्कटलेले, कपाळावर वंगणाचा काळा पट्टा. आईला बघून ती जागीच थांबली, मग रस्ता ओलांडून आली.

"आई, तू कवा आलीस?"

 गयाक्कानं लेकीच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "आवाज झाला तवा भ्या वाटलं काय गं?"

उज्ज्वला माझ्याकडं बघून जराशी ओशाळली. खोटं बोलावं का, असं क्षणभर तिच्या मनात आलं असावं. मग ती म्हणाली, "व्हय. लई वाटलं."

गयाक्कानं पदरानं तिच्या कपाळावरचा काळा पट्टा पुसला.

"मग उद्या बी जा," ती म्हणाली.